वाडिया हॉस्पिटल, परळ : पोटाला मुका मार लागलेल्या भाच्याचा अनुभव

लहान मुलांच्या सर्जरीसाठी परळच्या वाडियाला पूर्ण मार्क. माझ्या बहिणीचा मुलगा नऊ वर्षांचा, चाळीच्या आवारात सायकलवरून पडला आणि हँडलचं टोक पोटावर जोरात आदळलं. वरून फक्त एक गोल लाल वळ, बाकी काही नाही, पोरगं संध्याकाळी परत खेळायला गेलं. दुसऱ्या दिवशी पोट दुखायला लागलं, जवळच्या एका दवाखान्यात गॅसचं औषध देऊन घरी पाठवलं, आणि मग रात्री हिरव्या उलट्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. आईबापांनो, हिरवी उलटी म्हणजे पित्त, घरी थांबायचंच नाही, सरळ कॅज्युअल्टी गाठायची.

वाडियात रात्रीच सलाईन लागलं, नाकातून नळी घातली, रक्त घेतलं, सीटी स्कॅन झाला. निघालं ड्युओडेनल हिमॅटोमा, म्हणजे लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागाच्या भिंतीत साकळलेलं रक्त. डॉक्टरांनी कागदावर पेनने काढून दाखवलं की जठराच्या पुढचा आतड्याचा हा भाग पाठीच्या कण्यासमोर घट्ट बसलेला असतो, त्याला सरकायला जागा नाही, त्यामुळे हँडल आणि कणा यांच्यामध्ये तो चेंगरतो, त्याच्या भिंतीत रक्त साकळतं आणि ती गाठ हळूहळू फुगून आतली वाट बंद करते, म्हणून त्रास एकदोन दिवसांनी सुरू होतो. आतडं फाटलंय का आणि स्वादुपिंडाला मार लागलाय का हे त्यांनी आधी बघितलं. तसं काही नव्हतं म्हणून ऑपरेशन नाही, थांबायचं ठरलं.

आणि हे थांबणंच घरच्यांना जड गेलं. भाऊजी रोज विचारायचे, "डॉक्टर, अहो काहीतरी करा ना." पण ते करतच होते. तोंडाने पाणीसुद्धा बंद, सगळं पोषण शिरेतून, सोडियम-पोटॅशियम सारखं तपासायचं, मधूनमधून सोनोग्राफी. नळीला लावलेल्या पिशवीतलं पाणी सिस्टर मापाच्या भांड्यात ओतून मोजायच्या आणि चार्टवर लिहायच्या, सुरुवातीला गडद हिरवं नि भरपूर, मग हळूहळू फिकट नि कमी. पोरगं पाण्यासाठी रडायचं तेव्हा त्या कापसाचा बोळा ओला करून ओठांवरून फिरवायच्या, दर वेळी, न कंटाळता. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की बहुतेक मुलांची गाठ एक ते तीन आठवड्यांत आपोआप विरघळते, नाहीच विरघळली किंवा ताप आला, पोट कडक झालं तर मग रक्त काढून टाकायचा किंवा ऑपरेशनचा विचार. आमचं दुसऱ्या आठवड्यात मोकळं झालं, आधी घोटभर पाणी, मग पेज, मग मऊ भात. पोटाला एकही टाका नाही!

अजून एक गोष्ट. मार कसा लागला हे डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेऊन वेगळं विचारलं. ताईला वाईट वाटलं, पण मला ते पटलं, कारण अशी जखम मारहाणीतूनही होते, विशेषतः अगदी लहान मुलांत, आणि विचारलंच नाही तर ते कळणार कसं.

जाणाऱ्यांसाठी : मुलांचं आणि बाळंतपणाचं अशी दोन वाडिया हॉस्पिटलं शेजारीशेजारी आहेत, टॅक्सीवाल्याला मुलांचं म्हणून नीट सांगा. गाडी आणू नका, परळ स्टेशनवरून चालत जाता येतं. आधीचे सगळे रिपोर्ट सोबत ठेवा, मार कधी आणि कशाचा लागला, उलटीचा रंग कसा होता हे लिहून न्या, पहिल्यांदा तेच विचारतात. डिस्चार्जच्या वेळी हिरवी उलटी, ताप, पोटदुखी यातलं काहीही दिसलं तर लगेच परत या असं बजावून सांगितलं. डॉक्टर हो म्हणेपर्यंत सायकल आणि फुटबॉल बंद. शेवटची सोनोग्राफी क्लिअर आली आहे.