नागपूर–नाशिक: विमानाचा दीड तास की रात्रीची गाडी?

माझी बहीण नाशिकला उपनगर नावाच्या भागात राहते. आई तिच्याकडे राहायला गेली तेव्हापासून दर दोन महिन्यांनी माझी चक्कर असते. सोनेगाव (नागपूरचा विमानतळ) ते ओझर (नाशिकचा विमानतळ) विमान आणि रात्रीची सेवाग्राम एक्स्प्रेस, दोन्ही मी पुष्कळदा केलं आहे.

नकाशावर सरळ रेघ मारली तर सोनेगाव ते ओझर साधारण 545 किलोमीटर. रेघ जवळपास अकोल्यावरूनच जाते. रेल्वे मात्र भुसावळपर्यंत वर चढून मनमाडकडे खाली उतरते, म्हणून तिचा पल्ला 650 च्या घरात. मी गेलो ते विमान पंख्यांचं एटीआर होतं. ते ताशी 500 च्या आसपास उडतं, त्यामुळे दीड तास धरून चला. पंख खिडकीच्या वर असतात, म्हणून खालचं सगळं दिसतं. पावसाळा संपताना वऱ्हाडातली कपाशीची शेतं वरून बघणं मला फार आवडतं.

अडचण त्या दीड तासाच्या दोन्ही टोकांना आहे. नागपुरातल्या त्रिमूर्तीनगरातून मी अडीच तास आधी निघतो. ओझरला उतरल्यावर बॅग, टॅक्सी आणि उपनगरापर्यंतचा रस्ता यात आणखी तास-सव्वा तास जातो. दारापासून दारापर्यंत पाच तासांच्या खाली मी कधी पोचलो नाही.

तेही मी चालवून घेतलं असतं. पण छोट्या मार्गावरचं विमान दिवसभर एका गावाहून दुसऱ्या गावी फिरत असतं. सकाळी कुठे तास गेला, की तो संध्याकाळपर्यंत पुढच्या प्रत्येक गावाच्या वाट्याला येतो. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं त्याच्या आदल्या दिवशी हेच झालं. ‘अर्धा तास उशीर’ असं चार वेळा ऐकलं. ओझरला रात्री उतरलो तर बाहेर टॅक्सी नाही. शेवटी भाऊजी गाडी घेऊन आले. घरी पोचलो तेव्हा आई झोपली होती, आणि ऑपरेशनच्या आधी तिच्याशी निवांत बोलायचं होतं ते राहून गेलं. रेल्वेला उशीर होत नाही असं मी म्हणणार नाही, पण तो उशीर मी बर्थवर झोपून काढतो.

समृद्धीनेही एकदा गेलो. रस्ता उत्तम आहे, पण एकट्याने सहा-सात तास स्टिअरिंग धरणं माझ्या वयाला झेपत नाही. चौघं असाल आणि चालवणारे दोघं, तर जरूर विचार करा.

तुमचं नाशिकचं घर आडगाव-ओझर बाजूला असेल किंवा दुपारची मीटिंग गाठायची असेल, तर विमान बरं पडेल. फक्त आपल्या तारखेला थेट विमान आहे ना, ते आधी बघा. व्हाया मुंबई जायचं असेल तर नकोच.

मी आता सेवाग्रामचं थ्री-एसी काढतो. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, तेव्हाच खालचा बर्थ बघून घेतो. घरून जेवून निघायचं, बडनेऱ्याच्या आत झोप लागते. मनमाडला जाग आली की पांघरूण आवरायचं, पुढे तासाभरात नाशिक रोड. तिथून उपनगर रिक्षाने जवळच. आई तोवर अंघोळ करून चहासाठी थांबलेली असते.