जुळे सोलापूरचे केंद्र: एकच संकुल की रस्त्यांची सुधारणा?

सोलापूर शहराच्या १९९२ च्या हद्दवाढीनंतर वाढलेल्या जुळे सोलापूर या उपनगराला स्वतःचे केंद्र घडवायचे असेल, तर दोन मार्ग समोर दिसतात. पहिला मार्ग मोकळ्या भूखंडावर दुकाने, कार्यालये आणि वाहनतळ एकत्र आणणारे मोठे संकुल उभारण्याचा आहे. त्यात बांधकाम वेगाने होते आणि गाळ्यांच्या लिलावातून महापालिकेला उत्पन्नही मिळते, पण ते भाडे भाजीविक्रेत्याला किंवा चादरीच्या लहान दुकानदाराला परवडेल असे मला वाटत नाही.

दुसरा मार्ग आहेत तेच रस्ते सुधारण्याचा आहे. चाळीस अंशांपलीकडे जाणाऱ्या उन्हाळ्यात कडुनिंबाची सावली, सलग पदपथ आणि पिण्याचे पाणी मिळाले, तर माणसे पायी बाजारात येतील, हे सोलापूरकराला वेगळे सांगायला नको. शिवाय २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचेच असावे लागतात, त्यामुळे जागा ठरवताना त्यांचे म्हणणे टाळता येत नाही. हे काम संथ आहे आणि देखभाल सतत करावी लागते. तरीही मी याच मार्गाच्या बाजूने आहे, कारण तो टप्प्याटप्प्याने दुरुस्त करता येतो.