प्रतापनगरची जर्मन ट्यूशन, घरात चार रेस्क्यू कुत्रे: आठ महिन्यांचा अनुभव

मी नर्स आहे. जर्मनीत नर्स म्हणून रजिस्ट्रेशन पाहिजे तर बी2 पर्यंत भाषा लागते (ए1, ए2, बी1, बी2 अशा चढत्या पायऱ्या असतात), म्हणून जुलैपासून नागपूरच्या प्रतापनगरात एका मॅडमच्या घरी शिकून राहिली. ए1 झालं, ए2 चालू आहे. मॅडमचं नाव टाकत नाही, त्यांनीच नको म्हटलं, कारण नाव-पत्ता पसरला की लोक रात्री गेटपाशी पिल्लं आणून सोडतात, दोनदा झालंय असं.

आधी शिकवण्याबद्दल सांगते. आपल्या मराठी माणसाचा जर्मनमध्ये घोळ कुठे होतो तर डेन आणि डेम मध्ये. शाळेत आपण पाठ केलं होतं नं, द्वितीया स-ला-ते, चतुर्थी पण स-ला-ते, म्हणजे कुत्र्याला पाहते आणि कुत्र्याला पाणी देते, दोन्हीकडे आपलं एकच "कुत्र्याला". जर्मनमध्ये पाहिलं तर डेन हुन्ट आणि पाणी दिलं तर डेम हुन्ट. मी एका ऑनलाइन कोर्समध्ये तीन महिने हे टेबल घोकलं, डोक्यात बसलंच नाही. मॅडमनी भुरीचं, म्हणजे त्यांच्या एका कुत्रीचं, पाण्याचं भांडं माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, ठेव तिच्यापुढे आणि बोल. इश गेबं डेम हुन्ट वासर. मग लांब उभं राहून नुसतं बघायला लावलं, इश झेहे डेन हुन्ट. पंधरा मिनिटं हेच, भांडं उचल, ठेव, बघ. त्यानंतर चुकली नाही मी. आणि मग त्यांनी भुरीच्या पायाकडे बोट दाखवून "डेम हुन्ट टुट डास बाइन वे" म्हणजे पाय दुखतो हे शिकवलं, आता हुन्टच्या जागी पाट्सिएन्टन, म्हणजे पेशंट, टाकलं की माझ्या वॉर्डमधलं वाक्य तयार.

चारही कुत्रे रस्त्यावरचेच. भुरी गाडीखाली आलेली, काळ्याला मानेवर अळ्या पडलेली जखम होती. मी पहिल्याच दिवशी रेबीजच्या लसीचं विचारलं, तर फाइलच काढून दिली, प्रत्येकाचं कार्ड, दरवर्षीचा बूस्टर, जंतांच्या औषधाच्या तारखा. मॅडमनी स्वतः पण चावायच्या आधी घ्यायचे डोस घेतलेत. काळ्याचं ड्रेसिंग करताना मी पाहिलं आहे, ग्लोव्हज घालून, सलाइननं धुऊन, आतून बाहेर पुसत, इतक्या मन लावून तर आमच्याकडे काही जण माणसांचं करत नाहीत. मग साबणानं हात धुऊनच पुस्तक उघडतात. घरात वास नाही, केस असतात थोडे.

आता तक्रार. सकाळची बॅच घेऊ नका. आजारी कुत्रा असला की मॅडमना सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजला न्यावं लागते, तिथे नंबर कधी लागेल सांगता येत नाही, मग क्लास गेला. शिवाय सकाळी कचरागाडी गाणं लावून येते नं तेव्हा चौघंही एकत्र भुंकतात. बाकी वेळी चालून जाईल, पण ह्योरन म्हणजे जर्मन ऐकण्याच्या प्रॅक्टिसला त्रास होतो. ए1 च्या पेपरमध्ये दुसरा भाग एकदाच ऐकवतात, तो नेमका चालू असताना गाडी आली की गेलं सगळं. मी सांगितल्यावर मॅडमनी ऐकण्याचा तास संध्याकाळी ठेवला.

डिसेंबरात जास्त राग आला होता. त्यांनी पार्व्हो (कुत्र्यांचा जीवघेणा व्हायरल आजार) झालेलं एक पिल्लू आणलं आणि लागोपाठ तीन क्लास बुडाले, तिसऱ्या वेळी तर मेसेज एक तास आधी आला, मी नाइट ड्युटी बदलून घेतली होती त्या क्लाससाठी. मी फोनवर जरा जोरातच बोलली. त्या काहीच भांडल्या नाहीत, म्हणाल्या माझं चुकलं, पिल्लू रात्री गेलं. मला पुढे काही बोलताच आलं नाही. तीनही क्लास रविवारी भरून दिले, प्रत्येक दीड तासाचा. आणि तेव्हापासून नियम केला की घरात नवीन किंवा आजारी कुत्रा असला तर तो आठवडा सरळ ऑनलाइन, आदल्या रात्री नऊच्या आत मेसेज. आतापर्यंत पाळलाय. मला वाटते एकटीनं दोन्ही करणाऱ्या बाईला ही सोय आधीच सुचायला पाहिजे होती, पण सांगितलं की ऐकतात, हे मोठं आहे.

बाकी: फी महिन्याला साडेतीन हजार, आठवड्यात तीन तास, बॅचमध्ये चारच जण. उन्हाळ्यात संध्याकाळची बॅच उशिरा सरकते, कारण मे महिन्यात नागपूरचा डांबरी रस्ता सूर्य बुडेपर्यंत कुत्र्यांच्या पंजांना भाजतो, फिरवणं उशिरा होते. हे त्या आधीच सांगतात. कुत्र्यांची भीती असेल तर तसं बोला, जाळीच्या दाराआड ठेवतात. ॲलर्जी असेल तर ऑनलाइनच घ्या.

ए1 ची परीक्षा मी पुण्याला जाऊन दिली. पास व्हायला 100 पैकी 60 लागतात, मला 83 मिळाले. निकाल दाखवायला गेली तर मॅडम काळ्याला गोळी चारून राहिल्या होत्या, तशाच उठून मिठी मारली.

जाल तर बेल वाजवू नका, फोन करा. आणि आत शिरल्यावर गेटची वरची कडी लावा, खालची भुरी नाकानं उघडते.