शेपटीवाली की बिनशेपटीची? छोटी गाडी घेण्याआधी

एकच कंपनी, एकच इंजिन, समोरून पाहिलं तर तोंडवळाही एकच. फरक काय तो पाठीमागे: एक हॅचबॅक, मागून सुरीने कापल्यासारखी, दुसरी तिचीच बहीण, पण हातभर डिकी जोडून सेडान झालेली. यातली कोणती घ्यावी, हे गेल्या काही महिन्यांत मला तिघांनी विचारलं. मी दोन्ही वापरल्या आहेत. आधी चार वर्षं सेडान, आता तीन वर्षं होत आली हॅचबॅक. या क्रमावरूनच माझा कल तुमच्या लक्षात आला असेल, म्हणून सेडानवर अन्याय नको, आधी तिचंच चांगलं सांगतो.

सेडानमध्ये मागे बसणारा माणूस सुखी असतो. डिकी ही वेगळी खोली असते आणि मागच्या चाकांचा बराचसा आवाज त्या खोलीतच अडतो. खडीच्या रस्त्यावर हॅचबॅकमध्ये प्रत्येक खडा कानाशी आपटल्यासारखा वाजतो. वासाचंही तेच. रंगाचा डबा, ओले बूट, पेट्रोलचा कॅन, काहीही डिकीत टाका, आत पत्ता लागत नाही. हॅचबॅकमध्ये तो वास घरी पोहोचेपर्यंत तुमच्या मानेवर बसलेला असतो. शिवाय जोरात ब्रेक मारला तर सीटच्या उंचीपेक्षा वर रचलेलं सामान पुढे यायला हॅचबॅकमध्ये काही अडसर नसतो. हा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. सामान रचताना जड ते खाली आणि सीटच्या पाठीला टेकवून, एवढं पाळावंच लागतं.

आणि काच. सेडान सोडल्यावर पहिल्याच पावसाळ्यात हे कळलं. हॅचबॅकच्या छपरावरून येणारी हवा मागच्या कडेला एकदम सुटते, गाडीच्या पाठीमागे भोवरे तयार होतात आणि चाकांनी उडवलेला चिखल त्या भोवऱ्यांबरोबर वर चढून काचेवर बसतो. सेडानच्या काचेला उतार असतो आणि पुढे डिकीचं झाकण आडवं येतं, त्यामुळे ती बरीच स्वच्छ राहते. बहुतेक सेडानना मागे वायपर का नसतो याचं हेच उत्तर. मी हौसेने मागचा वायपर नसलेलं मॉडेल घेतलं होतं. पावसात वीस मिनिटं चालवलं की आरशात मागच्या गाड्यांऐवजी मातकट पडदा दिसतो. हॅचबॅक घेणारच असाल तर बाकी कशावरही पाणी सोडा, पण मागच्या वायपरवर नको.

एवढं सगळं असून मी सेडान का सोडली? डिकीच्या तोंडापायी.

माहितीपत्रकात सेडानच्या डिकीपुढे चारशेच्या आसपास लिटर लिहिलेले असतात, हॅचबॅकपुढे अडीचशेच्या आसपास. वाचताना वाटतं, प्रश्नच मिटला. पण हे लिटर मोजायची जी व्हीडीए नावाची जर्मन पद्धत आहे, तिच्यात २०० × १०० × ५० मिलिमीटरचे, म्हणजे बरोबर एकेका लिटरचे ठोकळे आत रचतात आणि किती मावले ते मोजतात. ठोकळा कुठूनही आत जातो. आपल्याला न्यायच्या वस्तू मात्र ठोकळ्याएवढ्या नसतात.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि चार महिने घरात व्हीलचेअर आली. घडी घातली की ती फार जाड नसते, आणि डिकीत तिच्यासाठी जागा भरपूर होती. आत न्यायची कशी, एवढाच प्रश्न. झाकण उघडल्यावर जी फट मिळते तिच्यातून खुर्ची सरळ जात नाही. आधी पायटे काढायचे, मग खुर्ची आडवी करायची, बंपरच्या वरच्या उंबऱ्यावर एक चाक टेकवायचं, ढकलता ढकलता फिरवायची आणि मग आत सोडायची. उंबऱ्यावरचा रंग पहिल्या पंधरवड्यातच खरवडला. पण खरी मेख पुढे होती. माझ्या गाडीत झाकणाच्या बिजागऱ्यांना हंसाच्या मानेसारखे दोन वाकडे हात होते. झाकण लावलं की ते डिकीच्या आत, नेमके सामानावर उतरायचे. खुर्चीचं हँडल त्यांच्या वाटेत असलं की झाकण बोटभर वर राहायचं. पुन्हा उघडा, खुर्ची उलटी करा, पुन्हा लावा. एकदा तपासणीहून निघताना धो धो पाऊस, आई पुढच्या सीटवर, मागे हॉर्न वाजवणाऱ्यांची रांग, आणि मी तिसऱ्यांदा झाकण आपटतोय. शर्टाच्या बाहीला बिजागरीचं ग्रीस लागलं, ते आजतागायत गेलेलं नाही. आई काच खाली करून म्हणाली, "राहू दे रे, मी मांडीवर घेते." खुर्ची सोळा किलोची.

चारशे लिटरच्या डिकीने मला हरवलं, असं तेव्हा वाटलं. त्याच आठवड्यात मित्राची हॅचबॅक मागून आणली. मागचं दार काचेसकट वर गेलं, मागची अर्धी सीट पाडली, पायटे न काढता खुर्ची आत सरकवली. मिनिटभराचं काम. उघडलेल्या दाराखाली उभं राहिलं तर पाऊससुद्धा डोक्यावर येत नव्हता. अर्थात त्या मिनिटभरात गाडीतली सगळी गार हवा बाहेर गेली आणि आई बाहेरच्या पावसासकट थेट उघड्यावर आली, हेही खरं. मागचं दार उघडणं म्हणजे अख्खी गाडी उघडणं.

ही युक्ती काही आजची नाही. १९६१ साली आलेल्या रेनो ४ मध्ये वर उघडणारं मागचं दार आणि पाडता येणारी मागची सीट दोन्ही होतं. गंमत म्हणजे छोट्या गाड्यांची आजी म्हणावी ती १९५९ची ‘मिनी’ ही ब्रिटिश गाडी हॅचबॅक नव्हतीच. जेमतेम तीन मीटरच्या गाडीला इवलीशी डिकी आणि खाली उघडणारं झाकण होतं. आणि हॅचबॅकला शेपटी जोडून सेडान करणं हेही जुनंच: १९७४ची फोक्सवॅगनची गोल्फ, आणि १९७९ साली तिचीच डिकीवाली बहीण जेटा.

बाकीचे मुद्दे भराभर. पेट्रोलमध्ये मला तरी फरक जाणवला नाही. तुम्ही रोज शंभर किलोमीटर हायवेला जात असाल तर कदाचित जाणवेल. वळायला दोन्ही सारख्याच, कारण बहुतेक जोड्यांत चाकांमधलं अंतर तेच असतं आणि वाढते ती फक्त मागची लांबी. ती लांबी मात्र रिव्हर्स घेताना छळते. सेडानचं टोक ड्रायव्हरच्या सीटवरून दिसतच नाही. कॅमेरा असला तरी मी शेवटचा हात अंदाजानेच घ्यायचो आणि दोनदा अंदाज चुकला. हॅचबॅकची काच संपली की गाडी संपली, हा हिशेब मेंदूला फार सोपा पडतो.

तरीही, घरात चार मोठी माणसं असतील आणि वर्षातून चार-पाच वेळा सगळे बॅगा घेऊन लांबच्या प्रवासाला निघत असतील, तर सेडान घ्या, मी अडवणार नाही. हॅचबॅकमध्ये चार माणसं किंवा मोठं सामान, यातलं एकच काहीतरी नीट मावतं. आम्ही घरात तिघं, त्यामुळे अर्धी सीट कायम पाडलेली असली तरी कुणाची तक्रार नसते. आमच्यासारखं घर असेल तर माझ्या मते बिनशेपटीचीच बरी.

कोणतीही घ्या, शोरूममध्ये जाताना घरातली सर्वांत अडचणीची वस्तू बरोबर न्या: बाबागाडी, शिडी, तबल्याची जोडी, जे असेल ते. ती आत घालून झाकण लावून बघा. सेल्समन हसेल, हसू दे. बिजागऱ्यांचे हात कुठे उतरतात तेही वाकून बघा. काही सेडानमध्ये ते बाजूच्या खोबणीत जातात, आणि तशी मिळाली तर माझी निम्मी तक्रार गळून पडते.

हॅचबॅकबद्दल एक शेवटची कुरकुर. सामान झाकणारा तो पार्सल ट्रे. खड्डा आला की किरकिरतो, कडांना फोमची पट्टी लावली तरी किरकिरतो, आणि काहीही उंच ठेवायचं म्हटलं की आधी तो काढावा लागतो. व्हीलचेअर परत करायला गेलो त्या दिवशी मी तो काढून घरात कुठेतरी ठेवला. सामान उघड्यावर दिसतं म्हणून बायको अधूनमधून विचारते, ट्रे कुठे आहे? मी शोधतोय असं सांगतो.