गायगर मीटर चांगलाय, पण अल्फासाठी घेणार असाल तर थांबा

अंबड एमआयडीसीत सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) मशीनचे सर्किट कार्ड रिपेअर करतो. जपानवरून आलेला जुना माल खूप असतो आणि सातपूरचे एक कस्टमर दर वेळी विचारतात, दादा हे फुकुशिमाकडचं (2011 ला अणुअपघात झाला तिथलं) तर नाही ना, रेडिएशनने आयसी (कार्डावरची चिप) जाईल का. शेवटी रेडिएशन मोजणारा हा खिशात मावणारा गायगर मीटर ऑनलाइन मागवला.

रेडिएशनचे अल्फा, बीटा, गॅमा असे प्रकार असतात, त्यातल्या बीटा-गॅमाला मस्त चालतो. टेबलावर नुसता ठेवला तर मिनिटाला 20-25 टिकटिक, मग माळ्यावरच्या आजोबांच्या पेट्रोमॅक्सची जुनी जाळी समोर धरली (त्यात थोरियम असतं) तर टिकटिक एवढी वाढली की बायको आतून विचारायला आली काय वाजतंय. कार्डांवर धरला तर काहीच फरक नाही.

राग जाहिरातीचा आहे. तिथे अल्फापण मोजतो असं लिहिलंय, उघडून बघितलं तर आत काचेची ट्यूब! अल्फा कण साध्या कागदाने अडतात, ते काचेतून आत कसे जाणार? आणि मेमरी चिपला जुना त्रास तर अल्फाचाच आहे. 1978 ला इंटेलच्या टिमोथी मे आणि मरे वूड्स यांनी दाखवलं की मेमरीतले बिट आपोआप पलटतात (0 चा 1, 1 चा 0) ते चिपच्या सिरॅमिक पॅकेजमधल्याच (बाहेरच्या कवचातल्याच) अल्फा सोडणाऱ्या युरेनियम-थोरियममुळे. पॅकेजच्या फॅक्टरीत जे नदीचं पाणी यायचं त्याच्या वरच्या अंगाला जुनी युरेनियमची खाण होती.

म्हणजे तयार कार्डावर बाहेरून धूळ बसली तरी तिच्यातले अल्फा आयसीचं प्लास्टिक ओलांडत नाहीत, खरी भीती चिप बनताना पाण्यातून, ॲसिडमधून आत काही गेलं तर, म्हणून अणुअपघात झाला की फॅक्टरीचं पाणी आणि कच्चा माल आधी तपासला पाहिजे. 2011 ला फुकुशिमा प्रांतातला शिनएत्सू कंपनीचा शिराकावा वेफर प्लांट (चिपसाठी सिलिकॉनच्या चकत्या बनवणारा) बंद पडला होता, पण तो भूकंपाने, रेडिएशनने नाही. कस्टमरना हे सगळं समजावलं तेव्हा कुठे त्यांनी कार्ड नेलं.

तरी मीटर परत नाही केला. अणुअपघातात बाहेर पडणारं सीझियम-137 बीटा-गॅमा सोडतं आणि 30 वर्षांनी जेमतेम निम्मं होतं, तसली धूळ बऱ्यापैकी असेल तर हा दाखवेल, आणि खोकं उघडणारा पोरगा माझा आहे, त्याच्या हाताची काळजी मला चिपपेक्षा जास्त. आता प्रत्येक खोक्यावर आधी मीटर फिरवतो मगच टेप कापतो. 5 पैकी 3 स्टार, ते अल्फा लिहिलेलं काढलं तर 4 देईन.