हजेरीला अंगठा की मोबाइल?

भोसरीत भाच्याचं छोटं वर्कशॉप आहे, माणसं बावीस. हजेरीचं रजिस्टर बंद करायचंय, पण अंगठ्याचं मशीन घ्यावं की मोबाइल अ‍ॅप, इथे घोडं अडलंय.

खर्चाचं सोपं आहे. मशीनला एकदाच काही हजार रुपये. अ‍ॅपला बहुधा माणशी दरमहा, म्हणजे संपतच नाही.

खरी गोम अंगठ्यात आहे. लेथवरच्या माणसाच्या बोटांना कूलंट, ऑइल, बारीक कीस. रेषा झिजतात आणि मशीन ओळखच देत नाही. वेळेवर येऊनही दारात पाचदा अंगठा दाबत उभं राहायचं, मागे रांग, वर लेटमार्क. दिवसाची सुरुवातच चिडचिडीने. चेहरा ओळखणारं मशीन यातून सोडवतं, थोडं महाग पडतं इतकंच.

अ‍ॅपला रेषांचं दुखणं नाही. पण फोन कामगाराचा, नेटपॅक त्याचा, बॅटरी त्याची. लोकेशन दिवसभर चालू राहिलं तर टपरीवर चहाला गेलेलाही दिसतो, आणि हे त्याला ठाऊक असतं. घ्यायचंच तर फक्त हजेरीच्या क्षणी लोकेशन घेणारं घ्या. मशीनचाही एक धोका आहे: पासवर्ड फुटला तर बदलता येतो; अंगठा काय, चेहरा काय, बदलता येत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अंगठ्या-चेहऱ्यांचा हा साठा जपणं मालकावर टाकलंय.

सगळं काम एका छपराखाली असेल तर मशीन, तेही चेहऱ्याचं. साइटवर हिंडणाऱ्या सर्व्हिसच्या पोरांना अ‍ॅप. भाच्याकडे अशी पोरं दोनच. त्यांच्यापुरतं रजिस्टर राहिलं तरी चालेल.