गॅलक्सी: आठ महिने वापरल्यावर

सांगलीत एमएस्सीच्या मुलांना बायोटेक्नॉलॉजी शिकवते. यंदा प्रकल्प घेतला द्राक्षावरच्या केवड्याचा, म्हणजे बागायतदारांच्या डावणीचा. तासगावकडच्या मुलांना हा रोग पुस्तकाआधी बागेतच भेटलेला. आरएनए-सीक्वेन्सिंगचा डेटा, म्हणजे कोणती जनुकं किती चालू आहेत हे ज्यातून कळतं तो, सार्वजनिक भांडारात फुकट मिळतो. घोडं अडायचं कमांड टाइप करायच्या लिनक्सच्या काळ्या पडद्यावर. एक स्पेस चुकली की तास गेला!

म्हणून गॅलक्सी. असा डेटा तपासायची टूल एका जागी देणारा, २००५ पासूनचा हा मुक्त-स्रोत प्रकल्प ब्राउझरमध्येच चालतो. डावीकडे टूल, मध्ये फॉर्म, उजवीकडे हिस्टरी, म्हणजे केलेल्या कामांचे एकाखाली एक डबे. मला सगळ्यात भावलं ते हे, की एसआरआर नंबर, म्हणजे भांडारातल्या डेटाचा क्रमांक, टाकला की फाइल थेट त्यांच्या सर्व्हरवर उतरते. कित्येक जीबी आमच्या कॉलेजच्या नेटवरून ओढायला नकोत. काम लावून लॅपटॉप मिटा, लाइट गेली तरी तिकडे चालूच. रांगेत असताना डबा करडा, चालू झाला की पिवळा, संपला की हिरवा, फसला की लाल.

त्या हिरव्याने मात्र मला चांगलंच फसवलं. फास्टक्यूसीची दर्जा-तपासणी, फास्टपीची छाटणी म्हणजे ट्रिमिंग, हायसॅट२ची जीनोमशी जुळवणी, फीचरकाउंट्सची जनुकवार मोजणी, सगळं हिरवंगार. सगळे निकाल एकत्र दाखवणाऱ्या मल्टीक्यूसीचा आलेख उघडला तर जनुकांवर मोजली गेलेली रीड्स, म्हणजे वाचलेले तुकडे, जेमतेम! दोन दिवस मुलांच्या ट्रिमिंगला बोल लावत बसले. चूक माझीच होती. लायब्ररी, म्हणजे सीक्वेन्सिंगसाठी तयार केलेला नमुना, रिव्हर्स स्ट्रँडेड (रीड्स जनुकाच्या उलट दिशेच्या), आणि मी फॉर्ममध्ये फॉरवर्ड निवडलेलं. हिरवा म्हणजे काम पार पडलं, एवढंच. बरोबर पार पडलं की नाही, हे तो कुठून सांगणार? आता वर्कफ्लोमध्ये, म्हणजे टूलच्या ठरलेल्या साखळीत, मोजणीच्या आधी ही दिशा ओळखणारं 'इन्फर एक्सपेरिमेंट' जोडलंय. तो निकाल बघितल्याशिवाय पुढचा पर्याय निवडायचा नाही, असा वर्गात नियमच केलाय.

जागेचंही एक सांगते. नुसतं डिलीट केलेलं सर्व्हरवरच्या आपल्या जागेच्या कोट्यात मोजलं जातंच, कायमचं पुसावं लागतं. हे मला कोटा भरल्यावर कळलं. रांग कधी लांबते. फुकटच्या सर्व्हरवर तेवढं चालायचंच. मुलं संध्याकाळी काम लावून घरी जातात.

हिस्टरीतून वर्कफ्लो काढून दुसऱ्याला देता येतो, टूलच्या आवृत्तीसकट. त्यामुळे 'मॅडम, माझं उत्तर वेगळं का?' याचा छडा पाच मिनिटांत लागतो. डब्याच्या माहितीच्या पानावर मागची खरी कमांडही दिसते. काळ्या पडद्याला घाबरणाऱ्या एका मुलीने गेल्या आठवड्यात ती वहीत उतरवून घेतली आणि विचारलं, 'यातलं हे उणे एस म्हणजे दिशेचा पर्याय, तुम्ही चुकलात तोच ना?'